मुलांच्या बास्केटबॉलमध्ये नियम कोणासाठी असतात?

बास्केटबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या पालकांचा आवाज सगळ्यात जास्त चढतो तो फाउलवर. नागपुरात नंदनवन, सक्करदरा, हनुमाननगर या भागात मुलांचा कुठलाही सामना बघायला उभे राहा, "माझ्या पोट्ट्यानं तर हात बी नाही लावला!" हे वाक्य कानावर पडणारच. पुष्कळदा ते अगदी खरं असतं, आणि तरीही पंचाची शिटी बरोबर असते.

कारण फाउल हाताचाच असतो असं नाही. या खेळात प्रत्येक खेळाडूच्या अंगाभोवतीची जागा, जमिनीपासून त्याच्या सरळ वर हवेपर्यंत, त्याच्या मालकीची मानली जाते. बचाव करणारी मुलगी दोन्ही पाय टेकवून, समोरच्याकडे तोंड करून आधीच उभी असेल आणि चेंडू घेऊन येणारी तिच्या छातीवर आदळली, तर फाउल आदळणारीचा. पण चढाई करणारी हवेत झेपावल्यावर ही तिच्या उतरण्याच्या जागेत सरकली, तर फाउल हिचा. हवेतल्या खेळाडूला दिशा बदलता येत नाही, आणि खाली कोणी आलं तर घोटा किंवा गुडघा जातो. आपल्याकडची बरीच मुलं लाकडी फ्लोअरवर नव्हे, सिमेंटच्या मैदानावर खेळतात. तिथे पडण्याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

खेळाडूला इजा होऊ नये हा विचार खेळाच्या जन्मापासूनचा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकासमोर हिवाळ्यात बंद हॉलमध्ये तरुणांना कसं खेळवायचं हा प्रश्न होता. मैदानी खेळ आत आणले की धडकाधडकी होऊन हातपाय मोडत. नेस्मिथ यांनी विचार केला की चेंडू हातात घेऊन पळूच दिलं नाही, तर पळणाऱ्याला पाडायचं कारण उरत नाही. बास्केट डोक्याच्या वर आणि आडवी ठेवली, तर जोर लावून उपयोग नाही, चेंडू अलगद सोडावा लागेल. असे १३ नियम त्यांनी लिहिले आणि त्या नियमांतून खेळ उभा राहिला. पाचवा नियम खांद्याने ढकलणं, धरणं, पाडणं, मारणं यांच्याविरुद्ध होता, आणि मुद्दाम इजा करणाऱ्याला उरलेल्या सगळ्या सामन्यातून बाहेर काढून त्याच्या जागी बदली खेळाडूही मिळू द्यायचा नाही, इतका कडक होता. भारतातही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने आला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५ फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे ४ फाउल भरले की पुढच्या प्रत्येक बचावाच्या फाउलला समोरच्याला २ फ्री थ्रो. चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता अंगावर जाणाऱ्याला अनस्पोर्ट्समनलाइक फाउल. त्यात २ फ्री थ्रो आणि वर चेंडूही समोरच्या संघाकडे. पंचाशी हुज्जत घातली तर टेक्निकल फाउल. असे दोन टेक्निकल स्वतःच्या वागण्यामुळे घेतले की कोचलाही मैदान सोडावं लागतं. ही शेवटची तरतूद मुलांच्या स्पर्धेत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सर पंचावर ओरडले की पुढच्या मिनिटाला बारा वर्षांचा मुलगाही ओरडतो.

आणि तक्रार असेल तर तिला रस्ता आहे, तो मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. स्कोअरशीटच्या खालच्या बाजूला कर्णधाराच्या सहीची एक जागा असते. निकालावर आक्षेप असेल तर सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत कर्णधाराने मुख्य पंचाला सांगून तिथे सही करायची. पालकांनी टेबलाला गराडा घालायची गरज नाही. टेबलावर बसलेला स्कोअरर पुष्कळदा कॉलेजातलाच एखादा विद्यार्थी असतो, त्याच्या भोवती दहा जण उभे राहिले तर बरोबर चाललेला हिशेबही चुकतो.

पण शिटीमुळे होणारा अन्याय चाळीस मिनिटांत संपतो. वयामुळे होणारा अन्याय वर्षानुवर्षं चालतो, आणि त्याविषयी आपण फार हळू आवाजात बोलतो. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत सोळाचा मुलगा उतरला की त्याची उंची, उडी, ताकद सगळंच वेगळं असतं. समोरच्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला वाटतं, आपल्यात काही दम नाही. तो खेळ सोडतो, आणि त्याचं नाव कुठल्याही यादीत येत नाही.

हे का होतं तेही उघड आहे. खेळातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. सवलती योग्यच आहेत. पण त्यामुळे कागदावरच्या जन्मतारखेला भाव आला. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता २०१० मध्ये आणली. २०२५ मध्ये आलेल्या तिच्या नव्या मसुद्यात पहिल्या वेळी २ वर्षांची, दुसऱ्यांदा कायमची बंदी सुचवली आहे. तपासासाठी डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ मोजतात. ही टीडब्ल्यू-३ पद्धत. ती उपयोगी आहे, पण तिच्यावर डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही. काही मुलांची हाडं वयाच्या पुढे धावतात, त्यामुळे प्रामाणिक मूलही तिच्यात अडकू शकतं. म्हणून जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि वैद्यकीय तपासणी एकत्र पाहायला हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा कायदेशीर पुरावा झाला आहे. ही मुलं मैदानावर येतील तेव्हा काम थोडं सोपं होईल. आजच्या मुलांचं काय, हा प्रश्न आयोजकांनाच सोडवायचा आहे.

अमेरिकेत २००१ मध्ये लिटल लीग बेसबॉलच्या जागतिक स्पर्धेत डॅनी अल्मोंटे या मुलाने सगळ्यांना थक्क केलं. वयाची मर्यादा १२ होती, तो १४ चा निघाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या त्याच्या संघाचे विजय रद्द झाले. पण आजन्म बंदी घातली गेली ती त्याच्या वडिलांवर आणि संघाच्या संस्थापकावर. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. खोटा दाखला कुठलंही मूल स्वतः तयार करत नाही.

सगळे नियम पाळूनही अन्याय होऊ शकतो. १३ जानेवारी २००९ रोजी डॅलसमध्ये मुलींच्या शालेय बास्केटबॉल सामन्यात एका शाळेने दुसरीला १०० विरुद्ध ० असं हरवलं. हरलेली शाळा शिकण्यात अडचणी असणाऱ्या मुलांची होती. मध्यंतरालाच ५९-० झाले होते. एकही नियम मोडला नव्हता. तरीही जिंकणाऱ्या शाळेने जाहीर माफी मागितली, आणि त्या माफीशी सहमत नसल्याचं सांगणाऱ्या स्वतःच्याच कोचला कामावरून काढलं. निकाल स्पष्ट झाल्यावर फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा बचाव, थांबवायचा, बेंचवरच्या मुलींना उतरवायचं, हे कोचला कळायला हवं होतं.

बेंचचा प्रश्न आपल्याकडेही मोठा आहे. बारा जणांच्या संघात सातच जण आलटून पालटून खेळतात आणि पाच जण पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. स्पेनसारख्या देशांत छोट्यांच्या सामन्यात प्रत्येक मुलाला ठरावीक वेळ खेळवणं नियमानेच बंधनकारक आहे. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर असते, चेंडू ५ नंबरचा, आणि तीन गुणांची बास्केट नसते. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या रिंगवर ७ नंबरचा चेंडू फेकायला लावला की तो खांद्यापासून झोकून देतो, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. कमी उंचीची रिंग लावायला वेल्डिंग करणारा कारागीर पुरतो.

नागपुरात मैदानांची आणि खेळवणाऱ्यांची वाण नाही. हनुमाननगरला ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे, २०१८ पासून खासदार क्रीडा महोत्सव भरतो. नंदनवन परिसरातल्या पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाचं नाव स्पर्धेत घालताना आयोजकांकडून नियमांचा कागद मागून घ्या. वयाची तपासणी कोण करणार, प्रत्येक मुलाला किमान किती मिनिटं मिळणार आणि आक्षेप कोणाकडे नोंदवायचा, हे त्यात लिहिलेलं नसेल, तर ते लिहून द्यायला सांगा आणि मगच फी भरा.