एकीचं ‘नाही’ आणि गावाचा ठराव

आपल्या बचत गटात असं कितीदा होतं! दोघी बोलतात, बाकीच्या माना हलवतात, रजिस्टर फिरतं, सह्या-अंगठे होतात. ठराव झाला. खरं मत मात्र घरी जाताना वाटेत निघतं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आपल्याला माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गोंड गावाची. तिथली ग्रामसभा हात मोजत नाही. सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. कुणाला पटलं नाही, तर विषय पुन्हा बोलायला घेतात. वेळ लागतो, हे खरं. पण मतांनी हरलेला माणूस ठराव मनापासून पाळत नाही, हे दारूच्या प्रश्नात आपण गावोगावी पाहतोच.

एकमत म्हणजे गप्प बसणं नव्हे. म्हणून मेंढ्यात अभ्यास गट आहे. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, हे तिथे समजून घ्यायचं. निर्णय मात्र ग्रामसभेतच. अभ्यास गटात हार-जीत नसते, त्यामुळे अडाणी प्रश्नही विचारता येतो. आम्हाला वाटतं, खरी किल्ली हीच. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यामागे कित्येक वर्षांच्या बैठका होत्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर अवघड गोष्ट ठरवली. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातली रोकड, बायकांच्या हातचा पैसा! पण पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात. मग टेंभरं ना माणसाला, ना पाखराला. गावाने बांबूच्या कामावर भर दिला. असा निर्णय नुसते हात मोजून झाला, तर जिच्या घरी दुसरी मिळकत नाही, तिने काय करायचं? तिचं म्हणणं आधी ऐकावं लागतं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायद्यातच आहे. ती मागून घ्या. आणि सहीचं रजिस्टर आधी आलं, तर म्हणा, ‘भाऊ, ठराव वाचून दाखवा.’ समजला नाही, तर तेही लिहायला लावा.