लुगड्याची रुंदी कोणी ठरवली?

नऊवारी लुगड्याची लांबी नावातच आहे. एक वार म्हणजे तीन फूट. तेव्हा नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. रुंदी मात्र नावात नाही. मोजली तर ती ४५ ते ५० इंच, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास भरते. गंमत अशी, की सहावारी साडीची रुंदीही जवळपास तेवढीच असते. लांबी तीन वारांनी कमी झाली, पण रुंदी तशीच राहिली. असे का?

उत्तरासाठी हातमागाकडे जायला हवे. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. पायडी दाबली की त्यातले निम्मे धागे वर उचलले जातात आणि मध्ये फट पडते. या फटीतून धोटा जातो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, मागे सोडत जातो. जुन्या मागावर विणकर एका हाताने धोटा फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. म्हणजे बसल्या जागेवरून दोन्ही हात जितके पोचतील तितकेच कापड रुंद! लांबीला अशी अडचण नाही. ताणा गुंडाळून ठेवता येतो आणि हवा तेवढा सोडता येतो.

दुसरी मर्यादा नेसणारीची. कंबरेपासून टाचेपर्यंत अंग झाकेल इतकी रुंदी हवीच. त्याहून कमी चालणार नाही आणि हाताच्या पोचेहून जास्त जमणार नाही. या दोन मापांच्या मध्ये लुगड्याची रुंदी बसते. उरलेल्या सगळ्या गरजा मग लांबीतून भागवल्या गेल्या. निऱ्या, पदर आणि दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा, हे सारे लांबीचेच काम. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, म्हणून तर लुगडे नेसून भातलावणी आणि खुरपणी करता येते.

कापड न कापण्यालाही कारण आहे. बाण्याचा धागा काठापाशी पोचला की वळून परत येतो, म्हणून काठ उसवत नाही. सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद लुगड्याची चारही बाजूंची कड सुमारे १९ मीटर होते. त्यातली साडेसोळा मीटर कड विणतानाच पक्की झालेली असते. कात्री लावली की दशा निघणार, मग शिलाई आली, कातरणही वाया गेले. अखंड राहिलेले लुगडे मात्र जुने झाल्यावर बाळाची झोळी होते, नंतर गोधडी होते.

ही विद्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला परकी नाही. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये लुगडी आणि पागोटी विणणे हा इथला मोठा उद्योग म्हणून नोंदलेला आहे. नगर, भिंगार, संगमनेर इथे माग चालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल या इंजिनिअरने नगरमध्येच सुधारित हातमाग तयार केला. कोपरगावच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आजही हातमागावर पैठणी विणतात.

हातांच्या पोचेची अडचण इंग्लंडमध्येही होती. तिथे रुंद लोकरी कापडाला दोन विणकर लागत. १७३३ मध्ये जॉन के याने दोरी ओढून धोटा पळवण्याची युक्ती काढली आणि ही मर्यादा सुटली. आपल्याकडे असे माग आल्यावर विणण्याचा वेग वाढला. लुगड्याची रुंदी मात्र वाढली नाही, कारण तिची गरजच नव्हती.

फिलिपीन्समध्ये याच प्रश्नाचे वेगळे उत्तर सापडते. तिथे पुष्कळ ठिकाणी मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला आणि दुसरे विणणारीच्या कमरेला पट्ट्याने बांधतात. असे कापड आणखीच अरुंद निघते. म्हणून गुंडाळून नेसायचे वस्त्र करताना पट्टे एकमेकांना जोडतात. मिंदानाओ बेटावरच्या मारानाओ लोकांच्या ‘मालोंग’ या नळीसारख्या वस्त्रात या जोडावर ‘लांकित’ नावाची नक्षीदार पट्टी असते. जोड लपवण्याऐवजी त्यांनी तो सजवला.

वर्गात हे करून पाहा. मुलांना एकमेकांची कंबर ते टाच ही उंची आणि खाली बसून दोन्ही हातांची पोच मोजू द्या. घरातल्या लुगड्याची किंवा साडीची रुंदी मोजून आणायला सांगा. तिन्ही मापे फळ्यावर मांडा. मग जुन्या सुती चिंधीची कापलेली कड आणि विणलेला काठ यांतले धागे ओढून पाहू द्या.

‘न शिवलेले कपडे म्हणजे मागासलेले’ असे मुलांच्या मनात नकळत बसलेले असते. कधी पाठ्यपुस्तकातल्या चित्रांमुळे, कधी आपल्याच बोलण्यातून. ज्या मुलाच्या आजोबांनी माग चालवला, त्याला ते ऐकून घरची गोष्ट सांगावीशी वाटत नाही. फळ्यावरची मापे त्याला सांगतील, की आजोबांच्या हातांत भूमिती होती आणि आजीच्या नेसण्यात तिचा पुरेपूर उपयोग होता.