ब्रॉन्झचं घड्याळ आणि दायमाबादचा रथ

तापीखोऱ्यातल्या कोरीटसारख्या गावात मोबाइल चाळणाऱ्या तरुणालाही आता ‘ओरिजिनल ब्रॉन्झ, लिमिटेड एडिशन’ अशी घड्याळाची जाहिरात दिसते. अधिकृत दुकानात लाखांच्या घरात जाणारं घड्याळ तिथे काही हजारांत मिळत असतं. मुंबईच्या बाजारात अशा मालाला उघडपणे ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. ऑनलाइन मात्र तोच माल अस्सल म्हणून खपवला जातो. मग हातातलं घड्याळ खरं की खोटं, हे ओळखायचं कसं?

ब्रॉन्झच्या, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या, घड्याळांची हौस तशी अलीकडची. जेराल्ड जेंटा या घड्याळ-रचनाकाराने 1980च्या दशकात ब्रॉन्झची केस वापरली, पण बाजार तापला तो 2011 मध्ये पानेराई कंपनीने हजार नगांपुरतं ‘ब्रॉन्झो’ काढलं तेव्हा. या घड्याळांचं आकर्षण म्हणजे त्यांचा बदलता रंग. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. घामाने, दमट हवेने घड्याळाच्या केसवर होतं ते याच जातीचं रसायन. आधी तांब्याचा तपकिरी ऑक्साइड चढतो, मग ओल, कार्बन डायऑक्साइड आणि घामातलं मीठ मिळून हिरवट थर बसतो. प्रत्येकाच्या मनगटावर त्याचा नमुना वेगळा उमटतो.

‘रंग बदलतो म्हणजे अस्सल’ हा सल्ला इथूनच निघाला, आणि तो अर्धवट आहे. पोलादावर ब्रॉन्झच्या रंगाचा पातळ लेप दिला असेल तर रंग बदलत नाही, इतकं बरोबर. पण तांबं आणि जस्ताचं साधं पितळही काळवंडतं, हिरवं पडतं. शिवाय हा थर रातोरात आणता येतो. उकडलेल्या अंड्यातून निघणारा गंधकयुक्त वायू बंद डब्यात तांब्याला काळपट करतो, हे हौशी मंडळींना चांगलं ठाऊक आहे.

लोहचुंबकाची कसोटीही फार पुढे नेत नाही. ब्रॉन्झला चुंबक धरत नाही, तसंच पितळालाही नाही आणि घड्याळांत वापरलं जाणारं 316एल पोलादही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. मग वजन? कथील मिसळलेल्या ब्रॉन्झची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 8.8 ग्रॅम, पितळाची साधारण 8.5, पोलादाची 8 आणि ॲल्युमिनियम ब्रॉन्झची 7.7च्या आसपास. सुटी केस पाण्यात बुडवून मोजली तर आर्किमिडीजचा नियम इथे मदतीला येईल. पण पूर्ण घड्याळात काच, यंत्रणा, पट्टा आणि आतली हवा असते. या साऱ्यांची मिळून जी सरासरी येते, तिच्यावरून केसच्या धातूबद्दल काहीच कळत नाही.

खात्रीची धातुपरीक्षा सराफाकडच्या कॅरटमीटरच्या तत्त्वावर होते. क्ष-किरण धातूवर पडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याची जागा घेतो आणि त्या झेपेत त्या मूलद्रव्याचा खास क्ष-किरण बाहेर पडतो. तांब्याचा वेगळा, कथिलाचा वेगळा, जस्ताचा आणखी वेगळा. या खास क्ष-किरणांचा नियम शोधला हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने, 1913 मध्ये. त्याने मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि अणुक्रमांक हा नुसता यादीतला नंबर नसून अणुकेंद्रातल्या विद्युतभाराचं मोजमाप आहे, हे दाखवलं. तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या रिकाम्या जागाही त्याच्या मांडणीत दिसू लागल्या. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1915 मध्ये, गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या 27व्या वर्षी तो मारला गेला. सराफ बाजारात रोज त्याचं विज्ञान वापरलं जातं, पण आवर्तसारणी शिकताना मेंडेलीव्हच्या शेजारी त्याचं नाव फार थोड्या विद्यार्थ्यांच्या कानी पडतं. ते पडायला हवं.

या यंत्रालाही मर्यादा आहेत. तांब्याच्या मिश्रधातूत ते वरच्या काही दशांश मिलिमीटरपलीकडचं पाहू शकत नाही आणि ॲल्युमिनियमसारखं हलकं मूलद्रव्य टिपताना कमी पडू शकतं. खरी पंचाईत मात्र वेगळीच आहे. ट्यूडरच्या 2016 मधल्या ‘ब्लॅक बे ब्रॉन्झ’ची केस ॲल्युमिनियम ब्रॉन्झची होती, पण पाठ ब्रॉन्झरंगी लेप दिलेल्या पोलादाची. ‘ब्रॉन्झो’ची पाठ टायटॅनियमची. तांब्याचे क्षार त्वचेला हिरवे डाग पाडतात म्हणून मुद्दाम केलेली ही योजना. नुसती पाठ तपासून कोणी ‘पोलाद सापडलं, घड्याळ खोटं’ म्हणाला तर अस्सल वस्तूवरच आळ येईल. उलट नकली माल बनवणाऱ्याने खरंखुरं ब्रॉन्झ वापरलं तर यंत्र त्याला बेलाशक पास करेल. धातू काय आहे, एवढंच यंत्र सांगतं. घड्याळ कोणी घडवलं, हे त्याला विचारून उपयोग नाही.

हाच पेच महाराष्ट्रातल्या सर्वांत गाजलेल्या ब्रॉन्झ वस्तूंबाबत पडला आहे. 1974 मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार ओतीव वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. सुमारे 45 सेंटिमीटर लांबीच्या या रथात सारथी उभा आहे आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा. पाहणाऱ्याची नजर त्या कुत्र्यावरून हलत नाही.

म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी धातूकडे बोट दाखवलं. यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसं मिश्रण आढळत नाही. तेव्हा या वस्तू बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला, खुद्द हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक मिळालेलं आहे. धातूत कार्बन नसल्याने कार्बन-14 पद्धत चालत नाही. पोकळ मूर्तीच्या आत राहिलेल्या मातीच्या गाभ्यावरून काळ काढता येतो, पण या वस्तू भरीव आहेत, गाभाच नाही.

इथे साळींचं काम मोलाचं ठरतं. 1975-76 पासून चार हंगाम त्यांनी दायमाबाद थराथराने उलगडलं. तळाशी निघाली सावळदा संस्कृती, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव मिळालेली. तिच्यावर उत्तर हडप्पा थर. याच जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशे इथे, 1955 मध्ये बी. के. थापर यांनी असंच थराथराने उत्खनन केलं होतं. थरात सापडलेल्या वस्तूला आगापिछा असतो: वर काय, खाली काय, शेजारी कोणतं खापर. दायमाबादच्या चार वस्तू उत्खननाच्या थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्याविषयीचा वाद रथाकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी मिटत नाही. त्यांच्या प्राचीनत्वाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष आजही भोवतालच्या थरांचीच आहे, आणि ती साळींनी गोळा केली.

घड्याळाच्या बाबतीत हा थर म्हणजे कागदपत्रं आणि यंत्रणा. केसवरचा क्रमांक, वॉरंटी कार्डवरचा क्रमांक आणि कंपनीची नोंद जुळते का? अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पाठ उघडल्यावर आतली यंत्रणा त्याच मॉडेलची निघते का? क्रमांकही चोरून छापता येतो, म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र जुळायला हव्यात. सोन्याला हॉलमार्क आहे. ब्रॉन्झला तसा सरकारी शिक्का नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी पक्कं बिल आणि क्रमांकाचा फोटो मागावा आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं हा 1999च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीसाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद आणि पार्सलवरचं लेबल जपून ठेवावं.