सात वर्षं झाली, म्हणून पोरगा बापाचा?

तलाक झाला की लेकरं बापाची, असं बीडमधल्या बाईला शेजारीपाजारीच काय, कधी कधी सख्खा भाऊही ऐकवतो. शरियतचं नाव निघालं की ती गप्प होते. खरं तर शरियतच तिच्या बाजूने बोलते. मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी. हनफी कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळायचा पहिला हक्क आईचा. यालाच हिजानत म्हणतात. आईनंतर पाळी नानीची, बापाची नाही. शिया कायद्यात मुदत कमी आहे: मुलगा दोन वर्षांचा, मुलगी सात.

मग सातवं सरलं की पोरगा उचलून न्यायचा? इथेच खरी गफलत होते. वाद कोर्टात गेला की 1890चा पालक व पाल्य कायदा लागतो आणि त्यात मुलाचं हित सगळ्यांत वर. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं प्रकरण पाहा. नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा निलंग्याच्या न्यायालयाने 2023च्या डिसेंबरमध्ये बापाला दिला होता. आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. बीडची अपिलंही तिथेच जातात. न्यायमूर्ती मुलाशी स्वतः बोलले. व्यक्तिगत कायदा बापाकडे झुकतो हे मान्य करूनही त्यांनी जुलै 2025मध्ये ताबा आईला दिला, कारण मुलाचं हित तिच्याकडे होतं.

खुला, म्हणजे बायकोने मागितलेला तलाक, घेताना ‘लेकरांवरचा हक्क सोडला’ असं स्टँपपेपरवर लिहून घेतात. हनफी कायद्यानुसार खुला टिकतो, ती अट टिकत नाही. हिजानत लेकराचाही हक्क, आई तो कसा सोडणार? दुसऱ्या निकाहाचं मात्र थोडं खरं आहे. लेकराशी जवळचं नातं नसलेल्या परक्या पुरुषाशी निकाह केला तर शास्त्राप्रमाणे हिजानत जाते. कोर्ट तेवढ्यावर मूल काढून घेत नाही.

‘पोरं तू ठेवली, खर्चही तूच कर’ हे तर साफ खोटं. मूल आईकडे असलं तरी पोटगी बापानेच द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सांगितलं. एका दमात तिहेरी तलाक दिला असेल तर 2019च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याकडेही अल्पवयीन मुलांचा ताबा मागता येतो.

एक गोष्ट मात्र आईच्या विरोधात आहे, ती लपवू नये. मुलाच्या मालमत्तेचा वली, म्हणजे पालक, बाप. 1918च्या इमामबंदी निकालापासून, कोर्टाच्या परवानगीशिवाय आईने मुलाच्या वाट्याची जमीन विकली तर तो व्यवहार टिकत नाही.

अर्ज करायचा तो मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. ऊसतोडीला चार-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात गेलं म्हणून बीडचं लेकरू तिकडचं होत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.