आधी पट्टी, मग पाते

बुलढाणा जिल्ह्यात कुठेही, खामगावात असो की मेहकरात, घरच्या फर्निचरचे काम चालू असेल तिथे एक जुगाड बहुधा दिसतेच. प्लायवूडच्या टेबलाला फट पाडलेली, खालून मार्बल कटर उलटा कसलेला, फटीतून चार इंची पाते वर आलेले आणि कटरचे बटण दाबल्या अवस्थेत अडकवून ठेवलेले. सुतारकामाचा छंद जडलेला शिक्षक, बँकेतला कर्मचारी किंवा शेती सांभाळून मांडण्या-चौरंग करणारा तरुण पहिले यंत्र घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हाच नमुना असतो. दुकानात गेल्यावर त्याचे प्रश्नही त्यातूनच येतात: मोटर किती वॅटची, पाते किती इंचाचे? हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारायचे आहेत. उचलून नेता येणाऱ्या टेबल सॉची लायकी ठरते ती लाकडाला वळण लावणाऱ्या आणि पात्याला आवर घालणाऱ्या भागांवरून. मोटर आणि पाते त्यानंतर.

जुगाडाचा हिशेब करून पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो. मार्बल कटर हा मुळात फरशी आणि दगड कापण्यासाठी. त्याचे ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते, म्हणजे दात ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावतात. कारखान्यात बनलेल्या टेबल सॉचे २५४ मिलिमीटरचे पाते साडेतीन-पावणेचार हजार फेऱ्यांनी फिरते आणि त्याच्या दातांचा वेग ताशी पावणेदोनशेच्या घरात राहतो. पाते लहान, म्हणून धोका कमी, हा समज इथेच कोसळतो. कामाच्या दृष्टीनेही जुगाड तोकडेच. अशा कटरची कापण्याची खोली जेमतेम ३४ मिलिमीटर. त्यातून टेबलाच्या फळीची जाडी वजा केली की इंचभर सागवानही एका फेरीत नीट निघत नाही. बॉशच्या जीटीएस १० जे सारख्या टेबल सॉमध्ये हीच खोली ७९ मिलिमीटर आहे, म्हणजे तीन इंची चौकटीचे लाकूडही त्यावर उभे चिरता येते.

खरा फरक मात्र पात्याच्या मागे असतो. तिथे पात्याला लागून एक पातळ पोलादी पट्टी उभी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. आपल्या भागातले लाकूड पाहिले तर तिची गरज लगेच कळते. धुऱ्यावरची बाभूळ तोडून पुरती वाळू न देता चिरायला घेतात. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर जाणारा पारा आणि पावसाळ्यातली ओल यांमुळे लाकूड आक्रसते, फुगते, पीळ धरते. अशी फळी लांबीने चिरताना आतला ताण मोकळा होतो आणि कापलेली फट मागच्या बाजूने पुन्हा मिटू लागते. मिटणारी फट पात्याला चिमटते. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात, ते फळीला उचलून चालवणाऱ्याच्या दिशेने फेकतात. हाच किकबॅक. क्षणार्धात घडणाऱ्या या प्रकारात फळी छाती-पोटावर आदळते आणि तिच्यावर ठेवलेला हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. रायव्हिंग नाइफ ती फट मिटू देत नाही, आणि पाते वर-खाली केले तरी त्याच्याबरोबर सरकत राहते. उलट्या कटरला अशी पट्टी नसते. दुकानातल्या यंत्रालाही ती नसेल, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

दुसरी पट्टी म्हणजे फेन्स. फळी जिच्या कडेला टेकवून पुढे सरकवायची ती. कापाचा सरळपणा तिच्यावर अवलंबून असतोच, पण सुरक्षितताही असते, कारण फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे केसभर जरी झुकली तरी फळी दोघांमध्ये अडकते. म्हणून दुकानात जाताना गुण्या आणि पोलादी मोजपट्टी बरोबर न्यावी. फेन्स कसून बंद करावी आणि पात्याच्या पुढच्या व मागच्या दातापासूनचे अंतर मोजावे. ती सोडून पुन्हा बंद करावी आणि पुन्हा मोजावे. दर वेळी अंतर तेच आले पाहिजे. टोक हाताने दाबून पाहावे, हलता कामा नये. पाते टेबलाशी काटकोनात उभे राहते का, ते गुण्या लावून पाहावे. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि माहितीपत्रकातले वॅटचे आकडे जे सांगत नाहीत ते तिच्यातून कळते.

तिसरी गोष्ट बटणाची, आणि ती आपल्याकडे विशेष महत्त्वाची. काम चालू असताना लाइट गेली, माणूस चहाला आत गेला आणि टेबलावर मूल खेळू लागले. लाइट परत आली की बांधून ठेवलेल्या बटणाचा कटर आपोआप सुरू होतो. चांगल्या टेबल सॉच्या बटणात ही सोय असते की वीज गेली की ते सुटते आणि पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र फिरत नाही. ज्या गावात वीज जाणे-येणे रोजचेच आहे, तिथे या सोयीवाचून यंत्र घेणे चुकीचे. त्याच ओघात जोडणीचेही पाहावे. १८००-२००० वॅटची मोटर २३० व्होल्टवर आठ-नऊ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याहून अधिक. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचे हे काम नाही; अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट लागते. परदेशातल्या नातलगाकडून अमेरिकी यंत्र मागवण्याचा मोहही टाळावा, कारण ते १२० व्होल्टचे असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो ताकदीचा. बाभूळ आणि साग चिरायचा तर मोटर दमदार हवी, हे खरे. पण या वर्गातल्या बहुतेक नावाजलेल्या यंत्रांची ताकद एकमेकांच्या जवळपास असते. फरक पडतो तो पात्याने. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती साध्या पोलादी दातांची धार लवकर बोथट करते, म्हणून कार्बाइडचे दात हवेत. लांबीने चिरायला २४ दातांचे आणि प्लाय किंवा आडव्या कापासाठी ६० दातांचे, अशी दोन पाती ठेवली तर तीच मोटर दुप्पट ताकदीची वाटू लागते. पाते घेताना मधल्या भोकाचा व्यास जुळतो का, ते पाहावे. काही यंत्रांना ३० मिलिमीटरचे भोक लागते, तर बाजारातली अनेक पाती २५.४ मिलिमीटरची असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सुतार मंडळी वर्षानुवर्षे उलट्या कटरवर काम करतातच ना? करतात, पण त्यांचे हात रोज तेच काम करतात. छंद म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी यंत्र लावणाऱ्याचे हात दर वेळी नवखेच असतात. आणि कारखान्यातले यंत्र म्हणजे अभय असेही नाही. अमेरिकेत टेबल सॉमुळे जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे ३० हजार सांगितली जाते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी पात्यावरचे झाकण काढून ठेवलेले असते. स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये सुचवलेल्या सॉस्टॉप तंत्रात पात्याला बोट लागताच विजेचा संकेत बदलतो आणि काही मिलिसेकंदांत पाते जागच्या जागी थांबते. पण ती यंत्रे महाग आहेत आणि आपल्या तालुक्याच्या बाजारात सहसा दिसत नाहीत. तेव्हा आपल्या हाती उरतात त्या साध्या गोष्टी: रायव्हिंग नाइफ, झाकण, फळी ढकलायला लाकडी दांडी, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे, त्यामुळे मास्क केवळ शिंका टाळण्यासाठी नाही. लोणार किंवा संग्रामपूरकडच्या माणसाने एवढे लक्षात घ्यावे की तुटलेले बोट जोडणारी सूक्ष्मशस्त्रक्रिया मोठ्या शहरातच होते.

तिसरा आक्षेप पैशाचा. कटर काही हजारांत येतो आणि चांगल्या टेबल सॉला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात, हे नाकारता येत नाही. पण त्याचे उत्तर स्वस्त आणि अपुरे यंत्र हे नव्हे. शेतातला साग तोडायला राज्याच्या १९६४च्या झाडतोडीवरच्या कायद्यानुसार परवानगी लागतेच, तेव्हा लाकूड आरागिरणीतून पावतीने घ्यावे आणि हव्या त्या जाडी-रुंदीच्या पट्ट्या तिथेच चिरून घ्याव्यात. आठ बाय चार फुटांचा प्लाय तर टेबल सॉ असला तरी त्यावर एकट्याने पेलवत नाही. तो दुकानातच कापून आणणे बरे, किंवा सरळ पट्टी शिकंज्याने आवळून हातातल्या सर्क्युलर सॉने कापावा. उरलेले जोडकाम करवत, रंधा आणि पटाशीने उत्तम होते. वर्षभर असे काम करूनही लांबीने चिरण्यासाठी वारंवार आरागिरणी गाठावी लागत असेल, तर यंत्राची गरज सिद्ध झाली असे समजावे. तोवर पैसेही साठतात. मग रायव्हिंग नाइफ, फेन्स, बटण, मोटरचे कार्बन ब्रश आणि सुटे भाग मिळणारे जवळचे दुरुस्ती केंद्र हे सगळे पाहून झाल्यावर मोटर किती वॅटची, हे खुशाल विचारावे.