विश्लेषण : होव्हरक्राफ्टचा जमाना सरला, तरी तटरक्षक दलाला नवी सहा कशासाठी?

इंग्लंड आणि फ्रान्समधली सागरी खाडी अर्ध्या तासात पार करणारी महाकाय होव्हरक्राफ्ट २००० साली निवृत्त झाली. भविष्यातील वाहन म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, ते प्रवासी वाहतुकीतून जवळपास दिसेनासे झाले. तरीही भारतीय तटरक्षक दलासाठी गोव्यात सहा नवी होव्हरक्राफ्ट बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. हे वाहन मागे का पडले आणि नेमके कुठे टिकले, याविषयी...

नवी होव्हरक्राफ्ट कोणती?

संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चौगुले अँड कंपनीशी ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला. त्यानुसार तटरक्षक दलाला सहा ‘एअर कुशन व्हेइकल’ म्हणजेच होव्हरक्राफ्ट मिळणार आहेत. जुलै २०२५ मध्ये कंपनीच्या गोव्यातील गोदीत पहिल्या होव्हरक्राफ्टच्या बांधणीला प्रारंभ झाला. आराखडा ब्रिटनच्या ग्रिफॉन कंपनीचा आहे, बांधणी मात्र भारतात होत आहे. किनाऱ्यालगतची गस्त, टेहळणी, शोध आणि बचाव ही त्यांची प्रमुख कामे असतील.

होव्हरक्राफ्ट चालते कसे?

शक्तिशाली पंखे वाहनाच्या तळाखाली सतत हवा ढकलतात. भोवती लावलेला लवचीक रबरी घेर, ज्याला ‘स्कर्ट’ म्हणतात, ही हवा काही काळ अडवून धरतो. त्यामुळे तळाखाली हवेची उशी तयार होते आणि वाहन जमिनीपासून किंवा पाण्यापासून वर उचलले जाते. पुढे जाण्यासाठी मागच्या बाजूला विमानासारखे पंखे असतात. पाण्याशी घर्षण फारसे उरत नाही, म्हणून वेग मिळतो.

मात्र वेगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती दाबाची. समजा ३०० टनांचे होव्हरक्राफ्ट सुमारे १,००० चौरस मीटरच्या हवेच्या उशीवर उभे आहे. म्हणजे दर चौरस मीटरवर भार आला अवघा ३०० किलोंचा. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हा दाब जेमतेम तीन टक्के भरतो. याउलट ६० किलो वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला, तर त्याच्या तळव्यांखालचा दाब दर चौरस मीटरला दीड ते दोन टनांच्या घरात जातो. ज्या चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, त्याच चिखलावरून शेकडो टनांचे होव्हरक्राफ्ट सहज जाते, त्याचे कारण हे आहे.

ही कल्पना कुणाची?

हवेच्या उशीवर वाहन चालवण्याचे प्रयोग आधीही झाले होते. पण व्यवहारात उतरेल असे होव्हरक्राफ्ट घडवण्याचे श्रेय ब्रिटिश अभियंता ख्रिस्तोफर कॉकरेल यांना जाते. मार्कोनी कंपनीतील नोकरी सोडून त्यांनी बोटी बांधण्याचा व्यवसाय सुरू केला होता. पाण्याचा अडथळा कमी करून बोटीचा वेग कसा वाढवता येईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९५५ मध्ये त्यांनी कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाद्याचा छोटा डबा बसवला, दोन डब्यांमधल्या फटीतून हवा सोडली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचा जोर मोजला. तळाच्या कडेने गोलाकार सोडलेली हवा त्याच ताकदीत अधिक भार उचलते, हे त्यातून दिसले.

सुरुवातीला सरकारने ही कल्पना गोपनीय यादीत टाकली. मात्र नौदलाला ते विमान वाटले आणि हवाई दलाला बोट, त्यामुळे कुणीच पुढे येईना, असे कॉकरेल नंतर सांगत. अखेर सरकारी संशोधन महामंडळाने निधी दिला. साँडर्स-रो कंपनीने बांधलेले ‘एसआर.एन१’ जून १९५९ मध्ये लोकांसमोर आले आणि २५ जुलै १९५९ रोजी ते कॅलेहून डोव्हरला सुमारे दोन तासांत पोहोचले. लुई ब्लेरिओ यांनी विमानाने हीच खाडी ओलांडल्याला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण झाली होती. हे होव्हरक्राफ्ट पृष्ठभागापासून वीतभरच उचलले जात असे. रबरी घेर आल्यानंतर मोठ्या लाटा आणि उंचवटे ओलांडणे शक्य झाले.

सुवर्णकाळ कोणता?

१९६८ मध्ये ‘एसआर.एन४’ सेवेत आले. त्यात २५४ प्रवासी आणि ३० मोटारी मावत. पुढे लांबी वाढवलेल्या आवृत्तीत ही क्षमता ४१८ प्रवासी आणि ६० मोटारींवर गेली. प्रत्येकी सुमारे ३,४०० अश्वशक्तीची चार गॅस टर्बाइन इंजिने, ताशी ११० किलोमीटरच्या पुढे जाणारा वेग आणि साधारण ३५ मिनिटांत खाडी पार, असा हा थाट होता. सप्टेंबर १९९५ मध्ये ‘प्रिन्सेस ॲन’ने हे अंतर २२ मिनिटांत कापून विक्रम केला. बंदराची गरज नाही, भरती-ओहोटीची वाट पाहणे नाही, थेट किनाऱ्यावर चढून मोटारी उतरवायच्या. त्या काळी फेरीबोटीला याच प्रवासासाठी दीड तासाच्या आसपास लागत असे.

मग घसरण का झाली?

पहिले कारण इंधनाचे. बोटीला पाणी तोलून धरते. त्यासाठी इंधन लागत नाही, ते लागते केवळ पुढे जायला. होव्हरक्राफ्टला मात्र वर उचललेले राहण्यासाठीही क्षणोक्षणी इंधन जाळावे लागते. १९७३ च्या तेलसंकटानंतर हे गणित अधिकच महाग झाले. त्यात खाऱ्या पाण्याने इंजिने खराब होत आणि रबरी घेर झिजून वारंवार बदलावा लागे.

दुसरे कारण नियंत्रणाचे. बोटीचा तळ पाण्याला धरून असतो, होव्हरक्राफ्टला तशी पकड नसते. जोराचा वारा त्याला बाजूला ढकलतो आणि लाटा ठरावीक उंचीपलीकडे गेल्या की फेरी रद्द करावी लागते. ३० मार्च १९८५ रोजी डोव्हर बंदरात शिरताना ‘प्रिन्सेस मार्गारेट’ वाऱ्याच्या झोताने लाटरोधक बंधाऱ्यावर आदळले आणि चार प्रवाशांचा मृत्यू झाला. पंख्यांचा प्रचंड आवाज ही किनाऱ्यावरच्या रहिवाशांची तक्रार वेगळीच.

तिसरे कारण स्पर्धेचे. वेगवान कॅटमरान बोटी कमी खर्चात जास्त मोटारी नेऊ लागल्या. खाडीवर होव्हरक्राफ्ट चालवणाऱ्या होव्हरस्पीड कंपनीनेच १९९० पासून अशा बोटी आणल्या. मे १९९४ मध्ये चॅनल टनेल खुले झाले. जुलै १९९९ मध्ये युरोपीय संघांतर्गत प्रवासातील करमुक्त विक्री बंद झाली आणि खाडीवरील कंपन्यांचे उत्पन्नाचे मोठे साधन गेले. १ ऑक्टोबर २००० रोजी शेवटची फेरी झाली. एकूण सहा ‘एसआर.एन४’ बांधली गेली, त्यातील ‘प्रिन्सेस ॲन’ आज इंग्लंडमधील होव्हरक्राफ्ट संग्रहालयात आहे.

प्रवासी सेवा आज कुठे?

इंग्लंडमधील साउथसी आणि वाइट बेटावरील राइड यांच्यात १९६५ पासून सेवा सुरू आहे. हा प्रवास सुमारे दहा मिनिटांचा. ती टिकण्याचे कारण राइडच्या किनाऱ्यात आहे. ओहोटीला तिथे समुद्र दूरवर मागे हटतो आणि वाळूचे सपाट मैदान उघडे पडते. त्यामुळे बोटींसाठी समुद्रात बराच आत जाणारा धक्का बांधावा लागला. होव्हरक्राफ्ट मात्र वाळूवरून थेट गावाजवळ येते. गॅस टर्बाइनऐवजी डिझेल इंजिने आल्याने खर्चही आटोक्यात आला. जपानमधील ओइता येथे २००९ मध्ये बंद पडलेली सेवा अलीकडे ब्रिटिश बनावटीच्या होव्हरक्राफ्टसह पुन्हा सुरू करण्यात आली. खाडीपलीकडच्या विमानतळाला शहराशी जोडणे हा तिचा उद्देश आहे.

चिखलात आणि बर्फात उपयोग काय?

इंग्लंडच्या वायव्येकडील मोरकॅम उपसागरात ओहोटीला मैलोन्‌मैल वाळू आणि चिखल उघडा पडतो, आणि भरती माणसाच्या चालण्यापेक्षा वेगाने आत येते. फेब्रुवारी २००४ मध्ये तिथे रात्री शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत अडकून बुडाले. अशा ठिकाणी पाणी नसताना बोट पोहोचत नाही, जीप रुतते आणि पायी गेलेला बचावकर्ता स्वतःच अडकू शकतो. ब्रिटनमधील रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या धर्मादाय संस्थेने २००२ पासून मोरकॅममध्ये बचावासाठी होव्हरक्राफ्ट ठेवले आहे. त्या रात्रीच्या शोधमोहिमेतही ते होते. चिखलाची मैदाने असलेल्या इतर काही किनाऱ्यांवरही संस्थेची होव्हरक्राफ्ट तैनात असतात.

कॅनडाचे तटरक्षक दल सेंट लॉरेन्स नदीत बर्फ फोडण्यासाठी होव्हरक्राफ्ट वापरते. हवेची उशी बर्फाच्या थराखाली शिरली की खालचे पाणी दाबले जाते, आधार सुटलेला बर्फ स्वतःच्या वजनाने तुटतो. जड जहाजे जिथे जाऊ शकत नाहीत अशा उथळ पाण्यात ही पद्धत उपयोगी पडते.

लष्करांना ते का हवे असते?

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील दलदलीत होव्हरक्राफ्टने गस्त घातली. नंतर आलेली ‘एलकॅक’ सुमारे ६० टन भार, म्हणजे अगदी रणगाडासुद्धा, जहाजावरून किनाऱ्यावर नेऊन उतरवतात. नेहमीच्या लँडिंग बोटी जगातील सुमारे १५ टक्के किनाऱ्यांवर उतरू शकतात. होव्हरक्राफ्टसाठी हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास असल्याचे अमेरिकी नौदल सांगते. सोव्हिएत काळातील आराखड्याचे ‘झुबर’ हे सर्वांत मोठे लष्करी होव्हरक्राफ्ट असून ते तीन रणगाडे वाहून नेते. इथे प्रति प्रवासी खर्चाचा प्रश्नच नसतो.

भारतात काय अनुभव आहे?

नव्वदच्या दशकात नवी मुंबईहून मुंबईला होव्हरक्राफ्टने जाण्याचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही. रोजच्या नोकरदाराला परवडेल असे तिकीट आणि होव्हरक्राफ्टचा खर्च यांचा मेळ बसणे कठीणच. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा मार्गावर आली ती रो-रो बोट. वेग कमी, पण मोटारींसह शेकडो प्रवासी एका फेरीत नेणारी.

तटरक्षक दलाकडे मात्र २००० पासून होव्हरक्राफ्ट आहेत. आधी सहा आली आणि २०१० मध्ये आणखी १२ ची मागणी नोंदवण्यात आली. ती कुठे लागतात हे पाहिले की गरज स्पष्ट होते. गुजरातमधील कच्छच्या खाड्या आणि सर क्रीकचा दलदलीचा सीमाभाग, पश्चिम बंगालमधील हल्दिया व सुंदरबनचा परिसर आणि तमिळनाडूतील मंडपमजवळचे उथळ पाणी. यांपैकी अनेक ठिकाणी ओहोटीला गस्ती नौकेला पुरेसे पाणी नसते आणि मोटारीला जमीन नसते. तिथे घुसखोराचा माग काढायचा असो की अडकलेल्या मच्छीमाराला बाहेर काढायचे असो, पाणी चढण्याची वाट पाहत थांबता येत नाही.

पुढे काय?

नव्या सहा होव्हरक्राफ्टमुळे जुन्या मर्यादा संपणार नाहीत. इंधन, रबरी घेराची झीज आणि खवळलेला समुद्र या अडचणी आजही कायम आहेत. देशात बांधणी होत असल्याने सुटे भाग आणि दुरुस्ती किती लवकर मिळते, यावर त्यांची उपयुक्तता बरीचशी अवलंबून असेल. कारण दलदलीत दुसरे वाहन पाठवण्याचा पर्याय नसतो आणि धक्क्याला दुरुस्तीसाठी उभे असलेले होव्हरक्राफ्ट कुणाच्याही बचावाला जाऊ शकत नाही.