दीड मिनिटाची फिल्म, बारा आठवड्यांचं नियोजन

अॅनिमेशन फिल्म करायचं ठरलं की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "सॉफ्टवेअर कुठलं?" क्रिटा घ्या किंवा ब्लेंडर घ्या, दोन्ही फुकट आहेत. तिथे फिल्म अडत नाही. ती अडते सहाव्या-सातव्या आठवड्यात, जेव्हा दोनशे चित्रं काढून झालेली असतात आणि कोणीतरी विचारतं, "पण यातून सांगायचं काय आहे नक्की?"

रिसर्च प्रपोजलचंही असंच होतं. म्हणून पीएचडीची तयारी करणाऱ्यांना मी सांगते की एकदा तरी छोटी विज्ञान-फिल्म प्लॅन करून बघा. निदान कागदावर तरी. आज आपण तेच करणार आहोत.

उदाहरण ओझरचं घेऊ. अष्टविनायकातल्या विघ्नहराचं, कुकडीकाठचं ओझर. समजा तुम्ही इथले तीन विद्यार्थी आहात. जवळच नारायणगाव, आणि नारायणगावच्या पूर्वेला खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे लोकांची गर्दी असते आणि शाळा-कॉलेजांचे प्रकल्प मांडले जातात. तुमची ९० सेकंदांची फिल्म तिथे दाखवायची आहे.

आधी प्रश्न, एका वाक्यात

"जीएमआरटीची माहिती" हा विषय झाला, प्रश्न नाही. त्यात प्रा. गोविंद स्वरूप येतील, पल्सार येतील, हायड्रोजन येईल, आणि ९० सेकंदांत काहीच पोचणार नाही.

मग या भागातले लोक खरंच काय विचारतात ते बघा. दुर्बिणीच्या आसपास उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाच्या वादात जीएमआरटीचं नाव पेपरात सारखं येतं. चहाच्या टपरीवरचा प्रश्न सरळ आहे: "त्या छत्र्यांना आमच्या रेल्वेचा काय त्रास?" हा खरा प्रश्न. ज्यांच्या जमिनी, नोकऱ्या, प्रवास यांच्याशी तो जोडलेला आहे, त्यांना "विज्ञानासाठी त्याग करा" असं ऐकवणारी फिल्म नको आहे. त्यांना कारण हवं आहे.

तर आपलं वाक्य: आकाशातून येणारा रेडिओ सिग्नल इतका क्षीण असतो, की जवळचा साधा मानवी सिग्नलही त्याला झाकून टाकतो. हे वाक्य भिंतीवर चिकटवा. जो शॉट या वाक्याला मदत करत नाही तो गेला. तीस अँटेना मिळून एक मोठी दुर्बीण कशी होते हे फार सुंदर आहे, पण ती दुसरी फिल्म.

उपमा निवडताना सावध

क्षीण म्हणजे किती, हे दाखवायला उपमा लागणार. पहिली सुचते ती आवाजाची: चतुर्थीच्या गर्दीत, ढोल-ताशात, लहान मुलाची हाक ऐकू येत नाही. दृश्य छान आहे, ओझरचं आहे, दीपमाळाही दाखवता येतील. पण प्रेक्षक घरी काय घेऊन जाईल? "डीजे लावला की दुर्बीण बिघडते." रेडिओ लहरी म्हणजे ध्वनी नव्हे. त्या प्रकाशाच्याच जातीच्या, फक्त लांब तरंगलांबीच्या. आवाजाची उपमा इथे चुकीची समजूत पक्की करते.

प्रकाशाची उपमा घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर भीमाशंकरच्या बाजूला काजवे दिसतात. काजव्यांच्या झाडाशेजारी हॅलोजन लावला तर? काजवे तिथेच आहेत, चमकतही आहेत, पण दिसत नाहीत. ही उपमा भौतिकशास्त्राच्या बाजूनेही उभी राहते, कारण दोन्हीकडे विद्युतचुंबकीय लहरीच आहेत. रेल्वेसाठी एक शॉट पुरे: विजेची तार आणि पेंटोग्राफ यांच्यात ठिणगी उडते आणि तिच्यातून रेडिओ लहरी पसरतात. तोच आपला हॅलोजन.

एक आकडाही तपासून घ्या. चंद्रावर एक मोबाइल चालू ठेवला तर? १ वॅट ताकद, २०० किलोहर्ट्झचा पट्टा, ३,८४,००० किलोमीटर अंतर, सगळीकडे सारखा पसरणारा सिग्नल. पृथ्वीवर पोचतो काहीशे जान्स्की. (१ जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॅट.) सूर्य सोडला तर रेडिओ आकाशातले मोजकेच स्रोत याहून तेजस्वी आहेत. गणित स्वतः करा, ऐकीव वाक्य फिल्ममध्ये घालू नका.

फ्रेम मोजा

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची असते. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, ९० सेकंदांना १,०८०. आता एक चित्र रंगवून पूर्ण करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. समजा १५ मिनिटं. म्हणजे २७० तास. तिघांत वाटले तर प्रत्येकी ९०, आणि चित्रांसाठी चार आठवडे धरले तर आठवड्याला साडेबावीस तास. कॉलेज, प्रॅक्टिकल, परीक्षा सांभाळून हे होत नाही.

म्हणून शॉटचे तीन गट करा. खरी हालचाल लागते ते: काजवे, ठिणगी, माणसाचा चेहरा. कागदी बाहुलीसारखे तुकडे सरकवून भागतं ते: एसटी, ट्रॅक्टर, रेल्वे. आणि एकच मोठं चित्र, त्यावरून कॅमेरा फिरतो ते: कुकडीचा काठ, रात्रीचं आकाश. पहिल्या गटात ३० सेकंदच ठेवले तर ३६० चित्रं, ९० तास, प्रत्येकी आठवड्याला साडेसात. हे जमतं. अँटेना एकच काढा आणि कॉपी करा. तिच्या जाळीची प्रत्येक तार काढत बसू नका, बारीक रेघा पडद्यावर थरथरतात.

मोजण्याची सवय इतिहास वाचतानाही कामाला येते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून 'अंकुराची वाढ' चित्रित केली. गोष्ट अशी सांगतात की महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली. गुणाकार करा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम. तीस फ्रेम म्हणजे दोन सेकंदही नाहीत, मिनिटाला ९६० लागतात. म्हणजे एक तर दिवसाला बऱ्याच फ्रेम घेतल्या असणार, नाहीतर फिल्म मिनिटाहून खूप लहान असणार. फाळक्यांचं मोठेपण याने कमी होत नाही. उलट ती फिल्म कशासाठी होती ते बघा: 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा करायचा होता, म्हणून आधी छोटा नमुना करून दाखवला. आपण ज्याला पायलट स्टडी म्हणतो तीच ही.

अॅनिमॅटिक: तुमची पायलट स्टडी

स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं, त्यावर मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं निवेदन, प्रत्येक चित्र ठरलेल्या सेकंदांपुरतं. याला अॅनिमॅटिक म्हणतात. निवेदन १५० शब्दांच्या आत ठेवा आणि मोठ्याने वाचून वेळ मोजा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

हे अॅनिमॅटिक विज्ञानाशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. वर्गमित्र चालणार नाहीत. "आवडली का?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. विचारा, "यात काय सांगितलं ते मला सांगा." मग गप्प बसा आणि ते जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. दोघांनी "डीजे" म्हटलं तर उपमा बदला. इथे बदल करायला एक संध्याकाळ लागते, चित्रं झाल्यावर महिना.

उलटं कॅलेंडर

२८ फेब्रुवारीपासून मागे मोजा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून बारा आठवडे मिळतात:

- प्रश्न आणि वाचन: २ आठवडे
- निवेदन आणि कच्चं रेकॉर्डिंग: १
- स्टोरीबोर्ड आणि अॅनिमॅटिक: २
- लोकांना दाखवणं, बदल: १
- चित्रं आणि हालचाल: ४
- आवाज आणि एडिटिंग: १
- राखीव: १

सहा आठवडे झाले तरी एकही अंतिम चित्र हातात नसेल. घाबरू नका, हेच बरोबर आहे. राखीव आठवडा मात्र कोणालाही देऊ नका. तो लाइट जाण्यासाठी, आजारपणासाठी आणि हार्ड डिस्कसाठी आहे.

शेवटी फिल्मची मर्यादाही लिहून ठेवा. रेल्वे कुठून जावी हे ९० सेकंद ठरवणार नाहीत. पण फिल्म बघून उठलेला माणूस "छत्र्यांना काय त्रास" ऐवजी "ठिणगीचा सिग्नल किती अंतरावर किती उरतो, तो अडवता येतो का" असं विचारू लागला, तर गावातली चर्चा बदलेल. आणि हे प्रश्न तो तुम्हालाच विचारणार, तेव्हा उत्तरं वाचून ठेवा.

आता तुमचा विषय घ्या आणि त्याचं एक वाक्य लिहा. वीस शब्दांत बसत नसेल तर अजून स्टोरीबोर्ड उघडू नका. आणि प्रपोजलही.